मैलापाण्यातला वायू आणि मेम्ब्रेनचे बिल : अनॅरोबिक मेम्ब्रेन तंत्रज्ञान नगरपरिषदेला परवडेल का?

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

नमस्कार. आमची नगरपरिषद रोज ५ दशलक्ष लिटर, म्हणजे ५ एमएलडी क्षमतेचे मैलापाणी प्रक्रिया केंद्र उभारणार आहे. पर्याय तपासण्यासाठी नेमलेल्या समितीत नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून मला घेतले आहे. मी बँकेतून निवृत्त झालो, त्यामुळे ताळेबंद वाचता येतो. जीवाणूंशी मात्र ओळख नाही.

गेल्या आठवड्यात एका पुरवठादाराने अनॅरोबिक मेम्ब्रेन पद्धतीचे सादरीकरण केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. नेहमीच्या केंद्रात जीवाणूंना ऑक्सिजन मिळावा म्हणून ब्लोअरने हवा फुंकावी लागते आणि विजेच्या बिलाचा मोठा भाग त्यातच जातो. या पद्धतीत हवेशिवाय जगणारे जीवाणू मैला कुजवतात, त्यातून मिथेन मिळतो, आणि अतिसूक्ष्म छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून गाळून निघालेले पाणी स्वच्छ असते. मिथेनपासून रोज ३,५०० युनिट वीज तयार होईल, केंद्र स्वतःची गरज भागवून वीज शिल्लक टाकील आणि 'बिल भरण्याऐवजी उत्पन्न येईल', असे शेवटच्या पानावर ठळक अक्षरात छापले आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, पण प्रश्न विचारण्याइतकी माहितीही माझ्याकडे नव्हती. हा ३,५०० चा आकडा कुठून येतो आणि तो खरा धरावा का, हे जाणकारांनी सांगावे.

गाळमोजणी

ओढ्याकाठी, तुमचा आकडा कुठून आला ते सांगता येते, कारण तो खोटा नाही, फक्त अर्धवट आहे. मी बरीच वर्षे मैलापाणी केंद्रांच्या प्रक्रियेचे काम करतो, त्यामुळे हिशेब मांडूनच दाखवतो.

मैलापाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे मोजमाप सीओडीने करतात. पुरवठादाराने सीओडी दर लिटरला ५०० मिलिग्रॅम धरला असणार, म्हणजे एका घनमीटर पाण्यात ५०० ग्रॅम. एक ग्रॅम सीओडी पूर्ण मिथेन झाला तर ०.३५ लिटर मिथेन मिळतो, हे रसायनशास्त्राचे गणित आहे. त्यानुसार घनमीटरमागे १७५ लिटर मिथेन येतो. एका घनमीटर मिथेनमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते, म्हणजे १.७५ युनिट, इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के धरली की ०.७ युनिट वीज. याला ५,००० घनमीटरने गुणा, ३,५०० मिळतील.

आता वजाबाकी. पाण्याबरोबर ४० ग्रॅमच्या आसपास सीओडी बाहेर जाईलच. न कुजणारे कण आणि जीवाणूंची स्वतःची वाढ मिळून ९० ग्रॅम गाळात जातील. मैलापाण्यात सल्फेट असते आणि ते वापरणारे जीवाणू मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचा घास काढतात; एक ग्रॅम सल्फेट ०.६७ ग्रॅम सीओडी खाते, तेव्हा लिटरला ६० मिलिग्रॅम सल्फेट असेल तर ४० ग्रॅम गेले. शिवाय जो मिथेन तयार होतो त्यातला काही पाण्यातच विरघळलेला राहतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. २८ अंश सेल्सिअसला आणि वायूत ७० टक्के मिथेन असताना लिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम मिथेन विरघळतो. तो सीओडीत मोजला तर घनमीटरमागे ५५ ग्रॅम होतो.

५०० मधून हे सगळे वजा केले की २७५ ग्रॅम उरतात. त्याचा मिथेन ९६ लिटर, उष्णता सुमारे एक युनिट. एवढ्या छोट्या केंद्राच्या इंजिनाला ४० टक्के कार्यक्षमता मिळत नाही, ३० धरा. घनमीटरमागे ०.३ युनिट, म्हणजे रोज १,५०० युनिट किंवा साधारण ६० किलोवॅटचे एक इंजिन. सल्फेट वापरणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड हा गंजवणारा वायू सोडतात; इंजिनाला तो काढून टाकलेला वायू लागतो आणि त्या शुद्धीकरणाचा खर्च वेगळा.

नळाचा_थेंब

प्रश्न भाबडा वाटेल, पण विचारतो. युरोपात अशा टाक्या तापवाव्या लागतात असे वाचले आहे. आपल्याकडे तो खर्च कुणी धरला आहे का?

गाळमोजणी

भाबडा मुळीच नाही, उलट आपली सर्वांत मोठी जमेची बाजू तुम्ही दाखवलीत. एक घनमीटर पाणी १० अंशांनी तापवायला ११.६ युनिट उष्णता लागते आणि मैल्यातून मिळते एक युनिट, म्हणजे मैलापाणी तापवून हा धंदा जगात कुठेच चालणार नाही. महाराष्ट्रात मैलापाणी बहुतेक वर्षभर २४ ते ३० अंशांच्या दरम्यान असते, तेव्हा इथे तो खर्च शून्य.

ताळेबंद

गाळमोजणींच्या हिशेबात एक गोष्ट सर्वांनी नीट पाहावी. सल्फेटचे ४० आणि विरघळलेल्या मिथेनचे ५५ ग्रॅम या वजावटी मैला दाट असो की पातळ, जवळजवळ तेवढ्याच राहतात. आपल्या बहुसंख्य छोट्या शहरांत घरोघरच्या भूमिगत जोडण्या झालेल्या नसतात. नाला अडवून त्याचे पाणी केंद्राकडे वळवतात. त्या पाण्यात झरे, गळक्या जलवाहिन्या, गाड्या धुतलेले पाणी असे सगळे आलेले असते. समजा सीओडी ५०० ऐवजी २५० आहे. बाहेर जाणारे ४०, गाळ ४५, सल्फेट ४०, विरघळलेला ५५ असे वजा करा. उरले ७० ग्रॅम! मैला निम्मा झाला आणि वायू चौथा हिस्सा. ५ एमएलडीला रोज जेमतेम ३७० युनिट वीज मिळेल, आणि तिच्यासाठी इंजिन, सल्फाइडचा शोषक, वायूची टाकी, सुरक्षेची उपकरणे आणि ती सांभाळणारा माणूस ठेवावा लागेल. तेव्हा वायू जाळून टाकणे हेच शहाणपणाचे ठरेल.

म्हणून ओढ्याकाठी, पुरवठादाराशी बोलण्याआधी आपल्या नाल्याच्या पाण्याचा सीओडी मोजून घ्या. तोही दुपारी बाटली भरून नको. दर तासाला नमुना घेऊन २४ तासांचे एकत्र करा.

जाजमऊ_ते_यमुना

या चर्चेत इतिहास यायला हवा, कारण मैल्यातून वायू काढण्याचा प्रयोग आपल्या देशात एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगन येथे गात्से लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात यूएएसबी नावाची टाकी विकसित केली. तिच्यात मैलापाणी तळातून वर चढते आणि वाटेत गाळाच्या जाड थरातून जाते. गंगा कृती योजनेत डच सहकार्याने कानपूरच्या जाजमऊ येथे १९८९ मध्ये तिचा पथदर्शी प्रकल्प उभा राहिला. त्याची क्षमता योगायोगाने तुमच्याइतकीच, ५ एमएलडी. पुढे १९९३ मध्ये सुरू झालेल्या यमुना कृती योजनेत हरयाणा आणि उत्तर प्रदेशात अशी अनेक केंद्रे बांधली गेली.

मी ऐन उमेदीत त्यांतल्या एका केंद्रावर दोन वर्षे होतो. नाव सांगत नाही. कागदावर वायूपासून वीज होती. प्रत्यक्षात दुहेरी इंधनाचे इंजिन वर्षातले बहुतेक महिने बंद असे, कारण डिझेलला पैसे मंजूर होत नसत आणि सल्फाइडने व्हॉल्व्ह खाल्लेले असत. वायूच्या घुमटाखालचे काँक्रीट बोटाने खरवडले तरी ओल्या खडूसारखे निघे. शिवाय टाकीतून निघणाऱ्या पाण्यात गाळ वाहून येई आणि एक दिवसाच्या तळ्यात ते मुरवूनही पाणी मानकात बसत नसे. मानके कडक होत गेली तशी अशी बरीच केंद्रे पुढे हवा फुंकणाऱ्या पद्धतींकडे वळवली गेली.

मेम्ब्रेनमुळे यातला एक प्रश्न खरोखर सुटतो, आणि ते मान्य केले पाहिजे. गाळ टाकीबाहेर पडूच शकत नाही, त्यामुळे हळू वाढणारे मिथेनजनक जीवाणू टिकतात आणि बाहेर येणारे पाणी नितळ असते. पण डिझेल, सल्फाइड आणि मंजुरी हे प्रश्न मेम्ब्रेनच्या छिद्रात अडकत नाहीत.

ताळेबंद

आता मेम्ब्रेनच्या बिलाकडे वळतो, कारण या पद्धतीचा खरा पैसा तिथे आहे. मेम्ब्रेनच्या एका चौरस मीटरमधून तासाला किती लिटर पाणी निघते त्याला फ्लक्स म्हणतात. हवा फुंकणाऱ्या मेम्ब्रेन केंद्रात तो २० च्या आसपास ठेवता येतो. अनॅरोबिक टाकीतला गाळ मेम्ब्रेनला लवकर चिकटतो, त्यामुळे तिथे ८ धरणे सावधपणाचे. ५ एमएलडी म्हणजे तासाला २०८ घनमीटर. ८ च्या फ्लक्सने २६,००० चौरस मीटर मेम्ब्रेन लागते, २० च्या फ्लक्सने १०,४००. चौरस मीटरला ४,५०० रुपये दर आणि आठ वर्षे आयुष्य ही माझी गृहीतके आहेत. कुणाकडे ताज्या निविदेचे दर असतील तर तेच घाला. माझ्या दराने ११ कोटी ७० लाख विरुद्ध ४ कोटी ७० लाख. आठ वर्षांत मिळणाऱ्या पाण्यावर वाटले तर, व्याज न धरता, घनमीटरला ८ रुपये विरुद्ध ३ रुपये २० पैसे. फरक ४ रुपये ८० पैसे.

विजेचा दर ८ रुपये धरतो. हवेचे मेम्ब्रेन केंद्र घनमीटरला ०.८ युनिट खाते, म्हणजे ६ रुपये ४० पैसे. अनॅरोबिकलाही वीज लागतेच, कारण मेम्ब्रेन स्वच्छ राहावी म्हणून तयार झालेलाच वायू तिच्या तळातून सतत फिरवावा लागतो. पंपांसह ०.४ युनिट, म्हणजे ३ रुपये २० पैसे, त्यातून ०.३ युनिटचे २ रुपये ४० पैसे परत. निव्वळ ८० पैसे. बचत ५ रुपये ६० पैसे, आणि गाळ कमी निघतो म्हणून वाहतुकीचे आणखी ५० पैसे धरू. ६ रुपये १० पैशांच्या बचतीतून मेम्ब्रेनचे ४ रुपये ८० पैसे गेले की हातात १ रुपया ३० पैसे राहतात, तेही सीओडी ५०० असेल तर. २५० असेल तर विजेचे दीड-पावणेदोन रुपये कमी होतात आणि खाते तोट्यात जाते.

आणखी एक. सादरीकरणात तुलना नेहमी हवेच्या मेम्ब्रेन केंद्राशी करतात, कारण ते सर्वांत महाग आहे. नगरपरिषदेच्या निविदेत समोर उभे असते एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन गाळ निवळू देणारी पद्धत. तिला ०.३ युनिटच्या आसपास वीज लागते आणि मेम्ब्रेनचा खर्च नाही. तिच्याशी तुलना केली तर नुसत्या विजेच्या बचतीवर अनॅरोबिक मेम्ब्रेन उभी राहत नाही.

परदेशी_पाट

मी युरोपात याच विषयावर संशोधन करते, तेव्हा थोडी वकिली करू द्या. ताळेबंद यांनी धरलेला ८ चा फ्लक्स आणि वायू फिरवण्याची वीज हे आजचे सावध आकडे आहेत, निसर्गनियम नव्हेत. अमेरिकेतील पर्यावरण अभियंते पेरी मॅकार्टी आणि त्यांच्या कोरियन सहकाऱ्यांनी वायू फिरवण्याऐवजी अॅक्टिव्हेटेड कार्बनचे दाणे पाण्याच्या प्रवाहाने मेम्ब्रेनभोवती खेळवले. ते दाणेच मेम्ब्रेन घासत राहतात. प्रयोगशाळेत एकूण वीज घनमीटरला ०.०५८ युनिट लागली. पुढे दक्षिण कोरियात बुचॉन येथे खऱ्या मैलापाण्यावर पथदर्शी केंद्र चालवले, तेव्हा ०.२३ युनिट लागली, आणि तिथे हिवाळ्यात पाणी ८ अंशांपर्यंत उतरत होते. आपल्याकडच्या तापमानात हेच तंत्र अधिक सोपे जायला हवे.

फ्लक्स ८ वरून १२ झाला तर मेम्ब्रेनचा खर्च घनमीटरला ८ वरून ५ रुपये ३५ पैशांवर येतो. वायूच्या साऱ्या विजेची किंमत २ रुपये ४० पैसे, तेव्हा फ्लक्समधली ही एक सुधारणा संपूर्ण इंजिनघराच्या तोडीची आहे. आमच्या गटात म्हणूनच वायू वाढवण्यापेक्षा मेम्ब्रेन स्वच्छ ठेवण्यावर अधिक वेळ जातो. रोज सकाळी पहिले काम म्हणजे मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा आलेख पाहणे. तो चढू लागला की पोटात गोळा येतो. एकदा तीन दिवस आलेख चढत राहिला, रसायने बदलून पाहिली, आणि शेवटी मेम्ब्रेन वर काढली तर तंतूंच्या मुळाशी माणसांच्या केसांची वेणी घातल्यासारखा गुंता होता. मेम्ब्रेनच्या आधी मैलापाणी गाळणारी जाळी २ मिलिमीटरची होती, तिचे एक टोक वाकले होते. अकरा कोटींचा माल त्या जाळीवर अवलंबून असतो.

दाण्यांच्या पद्धतीतही खोट आहे, ती लपवत नाही: दाणे मेम्ब्रेन घासतात तसे तिला झिजवतातही.

गाळमोजणी

परदेशी_पाट, विरघळलेल्या मिथेनबद्दल तुमचा अनुभव काय? घनमीटरमागे १४ ग्रॅम मिथेन हवेत गेला आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला, तर जवळपास ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे झाले. विजेत वाचवलेल्या कार्बनपैकी मोठा हिस्सा त्यात परत जातो. कार्बन क्रेडिटचे उत्पन्न दाखवणाऱ्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

परदेशी_पाट

बरोबर. प्रत्यक्षात तो १४ पेक्षा जास्तही निघतो, कारण पाणी अनेकदा अतिसंपृक्त असते, म्हणजे एरवी मावेल त्याहून जास्त वायू त्यात विरघळलेला असतो. तो काढून घेण्यासाठी निर्वात टाकी किंवा वायू सोडणारी वेगळी मेम्ब्रेन वापरतात. तंत्र चालते, पण खर्चाची आणखी एक ओळ वाढते.

संमतिपत्र

तुम्ही सगळे कार्बनचे बोलत आहात; मला नायट्रोजनबद्दल बोलायचे आहे, कारण माझ्या मते समितीचा निर्णय तिथेच होईल. अनॅरोबिक टाकी अमोनियाला हातही लावत नाही. आत ३० मिलिग्रॅम आला तर बाहेर जवळजवळ तेवढाच जातो. पर्यावरण मंत्रालयाच्या २०१७ च्या अधिसूचनेत नायट्रोजनची मर्यादा नव्हती, पण राष्ट्रीय हरित लवादाच्या ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी (जीवाणू कुजवू शकतील अशा सेंद्रिय द्रव्याचे मोजमाप) १०, एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ मिलिग्रॅम असे आकडे आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळ तुमच्या संमतिपत्रात यातले काय लिहिते, ते आधी विचारा.

नायट्रोजन काढायचा तर आधी अमोनियाचे नायट्रेट करावे लागते; ३० ग्रॅमसाठी सुमारे १३७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे पुन्हा ब्लोअर आणि ०.१ युनिट. हे ८० पैसे किरकोळ आहेत. गोची पुढे आहे. नायट्रेटचा वायू करणाऱ्या जीवाणूंना अन्न म्हणून कार्बन लागतो आणि तो तर आपण मिथेन करून जाळलेला! ३० वरून १० वर यायला काढाव्या लागणाऱ्या २० ग्रॅम नायट्रोजनला १०० ग्रॅम सीओडी बाहेरून द्यायचा तर ६७ ग्रॅम मिथेनॉल लागेल. किलोला ३५ रुपये धरले तर २ रुपये ३० पैसे. दोन्ही मिळून ३ रुपये १० पैसे. ताळेबंद यांच्या हिशेबात राहिलेला रुपया ३० पैसे कुठच्या कुठे गेला. घरचे दूध विकून चहासाठी पावडर आणण्यातला हा प्रकार आहे.

पाटाचे_पाणी

नायट्रोजन काढायचाच कशाला, असे मी शेतकरी म्हणून विचारतो. आमच्या उसाला 'सुरू' नावाच्या लागण-हंगामात हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. मेम्ब्रेनमधून जंतू अडलेले, नत्र आणि स्फुरद शिल्लक असलेले पाणी मिळाले तर आम्हाला हवेच आहे. आज ओढ्यातले जे उचलतो त्यापेक्षा ते कितीतरी बरे.

ताळेबंद

पाटाचे_पाणी, कल्पना पटते, म्हणून दोन्ही बाजूंनी मोजून पाहिली. घनमीटरमधील ३० ग्रॅम नत्र म्हणजे ६५ ग्रॅम युरिया. ४५ किलोची गोणी तुम्हाला सुमारे २६७ रुपयांना मिळते, तेव्हा त्या नत्राची तुमच्या लेखी किंमत ३८ पैसे. युरियावर एवढे अनुदान असताना नत्राच्या जोरावर पाणी महाग विकता येणार नाही. पण काढण्याचे ३ रुपये १० पैसे वाचतात, ती खरी कमाई.

दुसरी बाजू क्षेत्राची. ५ एमएलडीत वर्षाला सुमारे ५५ टन नत्र येते. हेक्टरी २५० किलोने ते २२० हेक्टरला पुरेल. पण पाटाने भिजणाऱ्या उसाला हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी धरले तर तेवढे पाणी ९१ हेक्टरवरच संपते, आणि त्या ९१ हेक्टरला हेक्टरी ६०० किलो नत्र बसते. ऊस लोळेल, साखर उतरेल. म्हणजे कालव्याचे किंवा विहिरीचे दीडपट पाणी त्यात मिसळावे लागेल आणि २२० हेक्टरपर्यंत वाहिनी न्यावी लागेल. त्या वाहिनीचा खर्च कुणाच्याच सादरीकरणात नसतो.

संमतिपत्र

आणि जून ते सप्टेंबर पाणी कोण घेणार? पावसाळ्यात ते नदीतच सोडावे लागेल आणि तेव्हा संमतिपत्रातली मर्यादा लागू होईल. चार महिन्यांचे पाणी साठवायचे तर ६ लाख घनमीटरचे तळे हवे.

उद्योगाला विकण्याचा विचार असेल तर तेही तपासा. नागपूरला प्रक्रिया केलेले मैलापाणी महानिर्मितीच्या औष्णिक केंद्राला जाते, हे उदाहरण सगळे देतात. पण तिथे शहर मोठे आणि ग्राहक पक्का. शिवाय शीतकरणाच्या पाण्यात अमोनिया चालत नाही, तांब्याच्या मिश्रधातूंना तो खातो. शेतीला ज्या गुणामुळे हे पाणी हवे, त्याच गुणामुळे कारखाना ते नाकारील.

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत येत आहे, कारण मोजणी करून घेतली. दुपारी एकला भरलेल्या बाटलीचा सीओडी ५१० आला, म्हणजे पुरवठादाराने आकडा हवेतून आणला नव्हता. पण २४ तासांच्या एकत्रित नमुन्याचा २९० आला. गाळमोजणींच्या पद्धतीने वजाबाकी केली तर रोज साधारण ५४० युनिट निघतात. संमतिपत्राबद्दल मंडळाच्या कार्यालयात विचारले. नदीत सोडणार असाल तर नायट्रोजनची मर्यादा १० राहील, असे तोंडी सांगण्यात आले.

समितीला दिलेल्या टिपणात मी दोनच मागण्या केल्या आहेत. पुरवठादाराने २९० सीओडी धरून हिशेब पुन्हा द्यावा, आणि आठ वर्षांनी मेम्ब्रेन बदलण्याचा खर्च देखभाल करारात त्याच्याच नावावर असावा. दुसरी मागणी वाचल्यावर त्यांच्या प्रतिनिधीने पाण्याचा पेला मागितला.

परदेशी_पाट

तिसरी मागणीही घाला. फ्लक्सचा आकडा ढोबळ आहे की निव्वळ, हे लेखी घ्या. मेम्ब्रेनला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते आणि उलट्या दिशेने धुवावी लागते. त्या वेळी पाणी मिळत नाही, उलट थोडे परत खर्ची पडते. कागदावरचे १० प्रत्यक्षात साडेआठ असू शकतात, आणि तुमच्या ५ एमएलडीला तेवढ्यानेच साडेतीन हजार चौरस मीटरहून अधिक मेम्ब्रेन जास्तीची लागेल.